कापसात हरवलेली मुलगी

१८ जानेवारीच्या सकाळचं काम : कापसाच्या ढिगातून मुलगी बाहेर काढणे.

मुलगी म्हणजे मोबाइलमधली. खरी पल्लवी पुण्यात, नोकरीवर. दिवाळी झाली आणि ती परत गेली. माझे गुडघे दुखतात म्हणून ती रोज सकाळी सहाला व्हिडिओ कॉलवर मला योगासनं शिकवते. वास्तविक माझे गुडघे उत्तम आहेत. दिवसभर कापूस वेचतात, आर्वीच्या बाजारात फिरतात, तक्रार नाही. पण साधा फोन केला तर पल्लवी म्हणते, "जेवलीस का? मी मीटिंगमध्ये आहे, ठेवते." आणि गुडघे दुखतात म्हटलं की पूर्ण वीस मिनिटं समोर बसते! म्हणून दुखतात.

अडचण एवढीच, की आसनं तिच्या खोलीत करायची आणि खोलीत कापूस होता.

आमच्याकडे वेचलेला कापूस भाव येईस्तोवर घरातच भरून ठेवतात. दरवर्षी ओसरीजवळच्या आमच्या खोलीत असतो. यंदा मीच यांना म्हटलं, "पल्लवीच्या खोलीत भरा."

"तिच्या?"

"मग काय, रिकामी खोली रोज झाडत बसू?"

(दहा दिवस झाडली होती. केर म्हणून काही निघतच नाही अशी खोली झाडणं फार वाईट काम.)

भरला. पलंगासकट, आढ्यापर्यंत. ढीग घसरू नये म्हणून यांनी एक आडवी फळी लावली. दाराजवळ चटईपुरती जागा उरली. फोन मी फळीसमोरच्या स्टुलावर डब्याला टेकवायची, म्हणजे पल्लवीला मी आणि माझ्यामागची भिंत तेवढी दिसायची. भिंतीवर तिचं दहावीचं वेळापत्रक.

"आई, माझी खोली किती छान ठेवलीस गं!"

"हो ना," मी म्हणायची, आणि समोरच्या कापसाकडे बघायची.

त्या दिवशी वृक्षासन होतं. एका पायावर उभं राहायचं, दुसरा पाय मांडीला, हात जोडून वर. पल्लवी म्हणाली, "एका जागी नजर लाव." मी तिच्यावरच लावली. बिचारी वाळलेली दिसत होती. डबा नेत असेल का, एवढा विचार केला आणि झाड डोललं! हाताला फळी लागली, ती मी धरली, ती माझ्यासोबत आली, आणि फळीमागून अख्खा हंगाम आला.

कापूस अंगावर पडला तर लागत नाही. फक्त जग बंद होतं. मी नाकातोंडातला कापूस काढत उठले, तर स्टूल नाही, फोन नाही. आवाज तेवढा ढिगातून येत होता.

"आई! अंधार काऊन झाला? आई वो!"

हे चहाची कपबशी घेऊन दारात आले. "काय करून राह्यली वो?"

"पल्लवी कापसात गेली!"

शेजारून माझी जाऊ शोभा धावत आली. "पल्लवी आली का, ताई?"

"नाई आली. कापसात हाय."

शोभा मटकन खाली बसली. हे म्हणाले, "थांबा, मी फोन लावतो, रिंग वाजली का सापडन." लावला. "बिझी येऊन राह्यला!"

"माह्याशीच तर बोलून राह्यली ती!"

मग तिघांनी उपसायला घेतलं. मी उकिडवी बसून दोन्ही हातांनी कापूस मागे टाकत होते, शोभा अंगणात फेकत होती. आधी पलंगाचा पाय दिसला. मग तिची निळी चादर. जाताना तिने घडी करून ठेवली होती, तशीच. आणि पलंगाच्या पायाशी फोन.

पल्लवी डोळे वटारून बघत होती. "आई, हा माहा पलंग हाय?"

शोभा चादरीवरचा कापूस झटकू लागली.

"माह्या खोलीत कापूस भरला?"

"भाव नाई ना अजून," हे म्हणाले.

"होळीले येऊन राह्यली मी. झोपू कुठं?"

"येऊन राह्यली?" मी एकदम उभी राहिले.

"आई, हळू! गुडघे!"

"तिच्या गुडघ्यांले काय धाड भरली?" हे हसत सुटले. "अर्ध्या घंट्यापासून उकिडवी बसून हाय!"

झालं. एका सकाळी दोन्ही चोऱ्या पकडल्या गेल्या. आता आसनं बंद, वीस मिनिटं बंद. मी फोनवरचा कापूस पदराने पुसला.

ती म्हणाली, "उद्या सहाले फोन लावजो."

संध्याकाळपर्यंत सगळा कापूस आमच्या खोलीत हलवला. हे ओसरीत झोपले, अंग खाजवत. मी पल्लवीच्या पलंगावर, निळी चादर घेऊन.

दुसऱ्या दिवशी सहाला फोन लावून उशाशी टेकवला. पल्लवी म्हणाली, "आज शवासन. निस्तं पडून राह्य आई. मी हाय इथंच."

हे आसन मला पहिल्या झटक्यात जमलं. ज्या वीस मिनिटांसाठी दोन महिने गुडघे दुखवले, ती पूर्णच्या पूर्ण वीस मिनिटं पल्लवी माझ्यासमोर बसली होती. आणि मी घोरत होते!