धुऱ्यावरची चिवळ

माझ्या फजितीच्या गोष्टी पांढुर्ण्यात कोणालाही विचारा. परक्याच्या मांडवात शिरून पोटभर जेवलो आणि वर आहेरही देऊन आलो ती, नाहीतर आपली समजून दुसऱ्याचीच सायकल तिगावपर्यंत दामटली ती. त्या मीच सांगत फिरतो, कोणी विचारो न विचारो. एक मात्र आजवर कोणाला सांगितली नाही. बायकोला नाही, देवाला नाही. दारू पीत नाही, नाहीतर केव्हाच सांडली असती. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगतो.

तिच्यात एक पाखरू मरतं आणि एका माणसाचा डोळा जातो. पाखरापासून सुरू करू? ते त्यातल्या त्यात सोपं आहे.

पंच्याऐंशीच्या आसपासचं साल. मी तिगावच्या शाळेत मास्तर, राहायला पांढुर्ण्यात. माझे सासरे सौंसरचे, निवृत्त हेडमास्तर. त्यांच्याकडे नागपूरहून आणलेला एक कॅनरी होता – हळदीच्या रंगाचा, सकाळी गायला लागला की आळी थांबायची. मामाजींचा त्याच्यावर लेकरापेक्षा जीव. म्हणजे जावयापेक्षा तर नक्कीच. त्या पावसाळ्यात ते महिनाभर थोरल्या मुलीकडे बैतूलला निघाले आणि पिंजरा मांडीवर घेऊन बसनं आमच्याकडे आले. सोबत फुलस्केप कागदावर वेळापत्रक. राळा रोजचा. पालक रोज, तीन पाण्यानं धुऊन. लाल भोपळ्याचा कीस एक दिवसाआड. समुद्रफेणीचा तुकडा पिंजऱ्याला बांधलेला हवाच. आणि आठवड्यातून दोनदा उकडलेल्या अंड्याचा बलक – गळ्यात माळ असलेला हा माणूस मागच्या अंगणात वेगळ्या टमरेलात अंडं उकडायचा, पाखरासाठी. "जावईबापू," जाताना म्हणाले, "नुसत्या दाण्यावर पाखरू जगते, पण टिकत नाही."

मी काय केलं? नुसता राळा टाकला. तीन आठवडे. अंड्याची लाज वाटली, भोपळ्याचा कंटाळा आला, आणि पावसात पालकासाठी बाजारात कोण जाणार? बायको – कमल – विचारायची, "अहो, हिरवं दिलं का त्याले?" मी म्हणायचो, दिलं. शाळेत मुलांना फळ्यावर जीवनसत्त्वांचा तक्ता काढून देणारा मास्तर मी. पाखराचं मात्र मला वाटलं, तक्ता वाचूनच भागेल.

गाणं थांबलं. पिसं फुगली. मग उजवा डोळा सुजून बंद झाला. तेव्हा घाबरलो आणि पिंजरा घेऊन ढोरांच्या दवाखान्यात गेलो. तिथं नामदेव कंपाउंडर होता. नदीपलीकडच्या सावरगावचा, माझ्याच वयाचा, बैलाच्या नाकात हात घालणारा गडी. त्यानं त्या पाखराला मुठीत असं धरलं की मला माझीच लाज वाटली.

"गुरुजी, याले अ जीवनसत्त्वच नाही भेटून राहिलं. औषध नाही लागत. हिरवं द्या, बलक द्या. नाहीतर डोळा जाईन त्याचा." मी निघालो तर मागून पुन्हा हाक मारली – "आन् कपाशीच्या धुऱ्यावरचं नोका तोडू. फवारणी चालू हाये."

ऐकलं मी. बहिरा नव्हतो. हे लिहून ठेवा.

दुसऱ्या दिवशी तिगावहून परतताना रस्त्याकडेच्या वावरात धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, चिवळीची भाजी दिसली. लुसलुशीत, हिरवीगार. शेजारच्या कपाशीत फवारलेल्या औषधाचा वास होता. पण रात्री सर पडून गेली होती ना? धुतलं गेलं असेल. बाजार वाचला. सायकलवरून न उतरता, एक पाय टेकवून, मूठभर तोडली. घरी आणून धुतलीसुद्धा नाही.

पाखरानं अधाशासारखी खाल्ली. तासाभरात ते दांडीवरून पडलं. पिंजऱ्याच्या तळाशी पंख आपटत गोल गोल फिरलं, मान मागे ओढली गेली, चोचीतून फेस आला. लहानसा जीव, पण मरताना काय ताकद असते हो – पिंजरा खिळ्यावर हलत होता. कमल स्वयंपाकघरातून धावत आली आणि म्हणाली, काय झालं? मी उत्तर द्यायला क्षणही घेतला नाही. "त्या नामदेवनं कसले तरी थेंब पाजले काल."

इतकं सोपं असतं ते.

कमलनं वडिलांना पत्र टाकलं. उलट टपाली उत्तर आलं – गोटमार झाली की दुसऱ्या दिवशी येतो, त्या कंपाउंडरला डॉक्टरसमोर उभा करतो, त्याची नोकरी ठेवत नाही. आता सांगा, नामदेव काय म्हणाला असता? थेंब दिलेच नव्हते. धुऱ्यावरचं तोडू नका, हे त्यानं गुरुजींना सांगितलं होतं. आणि मामाजी माझ्याकडे वळून बघणार. त्या एका नजरेची मला भीती वाटली. बस, तेवढीच.

तुम्ही बाहेरचे असाल तर सांगतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या जाम नदीत पळसाचं झाड रोवतात, त्यावर झेंडा. या काठाला पांढुर्णा, त्या काठाला सावरगाव, आणि दिवसभर दगड. डोकी फुटतात, दात पडतात, कधी माणूस जातो. आणि कोणाचा गोटा कोणाला लागला हे कोणी विचारत नाही. देवीचं आहे म्हणतात. मी दरवर्षी गच्चीवरून बघायचो, शेंगदाणे खात. त्या वर्षी खाली उतरलो.

नामदेव दरसाल सावरगावकडून खेळायचा, हे मला ठाऊक होतं.

पात्रात पाणी घोट्याएवढं. दगडावर दगड आपटल्याचा आवाज, आणि दगड माणसावर आपटल्याचा वेगळा – ओला. माझ्या शेजारच्याचा कान लोंबत होता, तरी तो हसत होता. मी तीन गोटे निवडून घेतले, चपटे, हातात बसणारे. नामदेव दिसला तेव्हा तो दगड मारत नव्हता. आपल्या बाजूच्या एका जखमीला दोन्ही काखांत हात घालून काठाकडे ओढत होता. हात गुंतलेले, मान वाकलेली.

पहिला हुकला. तिथून घरी जाता आलं असतं. दुसरा त्याच्या खांद्याला लागला आणि कोण मारतो ते पाहायला त्यानं तोंड वर केलं. माझ्याकडेच. तिसरा मी त्या तोंडावर मारला.

आजवर कशालाच नेम न लागलेला माणूस मी. त्या दिवशी लागला. तो ओरडला नाही. दोन्ही तळवे तोंडावर दाबून गुडघ्यावर बसला, आणि बोटांच्या फटींतून जे आलं ते नुसतं रक्त नव्हतं. मी माझ्या बाजूच्या लोकांबरोबर आरोळी दिली. हो, दिली.

मामाजी आले, दवाखान्यात त्याला पाहून परत आले, चहाही घेतला नाही. "पाखराचं काय घेऊन बसायचं," म्हणाले, "माणसाचा डोळा गेला." आणि त्यांनी त्याला काहीच विचारलं नाही. माझं काम झालं होतं.

पुढं नामदेवची लोधीखेड्याला बदली झाली. सौंसरच्या बस स्टँडवर अधूनमधून भेटायचा. उजवीकडे खळगा, त्यामुळं बघायचं तर अख्खी मान वळवायचा, डावा डोळा माझ्यावर रोखून – दाणा बघणारं पाखरू बघतं तसा. प्रत्येक वेळी मला वाटे, आता म्हणेल. तो म्हणायचा, "गुरुजी, ते पिवळं पाखरू कसं हाये?"

"मजेत आहे," मी सांगायचो. "गाते."

"हिरवं देऊन राहिले ना?"

"रोज."

चार वर्षं मी ते पाखरू असं जिवंत ठेवलं. त्याच्या गाण्याची वर्णनं केली, एकदा तर त्याला हसवलं. पाचव्या वर्षी कंटाळलो आणि सांगितलं, गेलं, म्हातारं होऊन.  नामदेवनं माझ्या हातावर हात ठेवला – तोच हात, ज्याच्या मुठीत ते पाखरू शांत बसलं होतं.

"तुम्ही जपलं, गुरुजी," तो म्हणाला. "म्हणून तर इतकं जगलं."

मी मान हलवली. माझी बस आली होती. मी चढलो आणि खिडकीपाशी जागा मिळाली.