चातुर्मासातली कांदाभजी

रहस्यकादंबरी लिहायची तर खून हवा, आणि खुनाचा आळ घ्यायला माणूस हवा. मी सरळ निपाणीच्या माझ्या मित्राला धरला. त्याची फेंगडी चाल, खटारा मोपेड, बोलण्याआधीचं खाकरणं, सगळं उचललं. गडी लई खूश! बाजारात भेटेल त्याला सांगायचा, "खुनाचा आळ आलाय आमच्यावर. वाचा की!"

दर रविवारी दुपारी त्याच्या सोप्यात बसून मी नवं प्रकरण वाचायचो. त्याची आई शेंगा फोडत ऐकायची आणि मित्र त्यातले दाणे तोंडात टाकत बसायचा. घर जैनांचं, म्हातारी व्रताला कडक. दिवस मावळायच्या आत जेवणं उरकायची, आणि चातुर्मासात कांद्याला उंबऱ्याच्या आत थारा नाही.

आणि मी शहाणा! कथेतला तपास करणारा मित्राला सोडवतो कसा, तर निपाणीत खून पडला त्या रात्री तो बेळगावात खडेबाजारात कांदाभजी हाणत होता. ऐन चातुर्मासात! फासावर जाईन, पण आईला कळता कामा नये, म्हणून पोलिसांपुढे गप्प बसलेला. आता यातलं खोटं काय होतं? शेवटची बस चुकली तेव्हा ती भजी आम्ही दोघांनीच खाल्ली होती. वाचण्याच्या नादात म्हातारी समोर बसून ऐकतेय याचं भानच राहिलं नाही.

मित्रानं मला दंडाला धरून बाहेर ओढलं. "हलकटा, खून ठेव, भजी काढ!"

"अरं, मग सुटशील कसा?"

"कोण सुटतंय? फाशी दे मला!"

"दोघं बी आत या," आतून हाक आली.

मित्र खाकरला. "आई, ते गोष्टीतलं हाय."

"खाल्लीस व्हय रं?"

त्यानं मान खाली घातली. "व्हय. एकदाच."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हातारी मात्र शेंगा फोडतच होती.

"ठाऊक हाय मला. सकाळी आलास तवा शर्टाला वास मारत हुता. आठ दिवस माझ्याकडं वर तोंड करून बघितला न्हाईस." मग ती माझ्याकडं वळली. "तुझा तपास करणारा कशाला पायजे रं? भजी खाल्लेली ह्याला माझ्यापासनं लपवता आली न्हाय. खून लपवंल व्हय ह्यो?"

मित्राच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तो तिच्याजवळ बसला आणि शेंगा फोडू लागला. त्या दिवशी एकही दाणा तोंडात टाकला नाही.