हौसाआत्यानं उचललेला भंडारा

संपतचा फोन आला तेव्हा मी शिरूरच्या एसटी स्टँडवर पुण्याच्या गाडीची वाट बघत उभा होतो. "दादा, आई गेली," एवढंच तो बोलला. संपत माझा आतेभाऊ, आणि आई म्हणजे माझी हौसाआत्या, खुटबावची. पुण्याची गाडी समोर लागली होती ती सोडली आणि चौफुल्याकडे जाणारं मिळेल ते वाहन धरलं. मातीला वेळेवर पोचलो. अंगणात बसलेल्या बायकांपैकी एक म्हणत होती, "लई गोड बोलायची हो म्हातारी. शेवटाला तर कुणाला उलटून म्हणून बोलली न्हाई." बाकीच्या माना हलवत होत्या. मला त्या बाईचा असा राग आला की काय सांगू... आज महिना उलटला तरी तो गेलेला नाही. माझी आत्या गोड बोलायची नाही. ती शिव्या द्यायची, आणि त्या शिव्यांवर आम्ही वाढलो.

सुट्टीत खुटबावला गेलो की शेवंतीच्या वाफ्यातून मान वर करून ती ओरडायची, "आला का मुडद्या? आत्या मेली का जिती हाय, बघाय आलास व्हय?" आणि हाताला चिकटलेल्या पाकळ्यांसकट तोंडावरून हात फिरवायची. म्हैस, कुत्रा, जावई, सोसायटीचा सचिव, कुणालाच सूट नव्हती. विहिरीवरची मोटर तर आत्याच्या शिवीशिवाय चालू होत नाही, असं घरात सगळ्यांनी मान्यच केलं होतं. लाईट आली की ती स्टार्टरच्या पेटीसमोर उभी राहायची, हिरवं बटण दाबून धरायची आणि म्हणायची, "तुझा मुडदा बशिवला, उचल की!" मोटर उचलायची. शिवीनं उचलायची की बटण जरा जास्त वेळ दाबल्यानं, हे विचारायची छाती कुणाला नव्हती. पण एक गोष्ट आम्हा पोरांना पक्की ठाऊक होती. आत्या खरोखर रागावली की शिवी देत नसे. ती गप्प व्हायची, ताट पुढं सरकवायची आणि म्हणायची, "जेवून घ्या." त्या 'जेवून घ्या'ला आम्ही टरकायचो.

संपतची मुलगी तनू आठ वर्षांची. आईबाप फुलांच्या मागं, त्यामुळे पोर आजीच्या पदराशी वाढली आणि बोलायलाही तिच्यासारखीच लागली. शाळेच्या गॅदरिंगला तिनं आजीची नक्कल केली, कुणीतरी ती मोबाईलवर घेतली, आणि फिरत फिरत ती एका वाहिनीच्या माणसांपर्यंत गेली. त्यांच्या विनोदी कार्यक्रमात तनू म्हातारी झाली. नऊवारी, चष्मा, वाकलेली पाठ, आणि समोर कायम एक बावळट सून. "भवाने, सटवे, बापानं हेच शिकवून पाठवलं का?" लोक हसून लोळायचे. शिरूरला मला ओळख नसलेली माणसं थांबवून विचारायची, "तुमच्यातलीच ना ती पोरगी?" मीही ऐटीत हो म्हणायचो. आत्या मात्र टीव्हीसमोर बसून हसायची नाही. एकदा मला म्हणाली, "आरं, मी सुनंला कवा असं बोलले? ही काय शिवी हाय? ही तर मारहाण झाली."

मग एका भागात पांढऱ्या कपड्यातला पुढारी मतं मागायला येतो, आणि म्हातारी झालेली तनू त्याला म्हणते, "भाड्या, मागच्या वक्ताला दिलेला रस्ता कुठं पुरलास?" लिहून दिलेलं वाक्य होतं, तिनं पाठ करून म्हटलं. दुसऱ्या दिवशी आभाळ कोसळलं. लहान पोरांच्या तोंडी असली भाषा! संस्कार कुठं गेले! सुनेला घातलेल्या शिव्यांवर टाळ्या पिटणाऱ्यांना एकाएकी दिसलं, की हे मूल लहान आहे. संस्कृती वाचवायला निघालेल्यांनी त्या क्लिपखाली तनूबद्दल आणि तिच्या आईबद्दल जे लिहिलं ते मी इथे छापू शकत नाही. आत्याच्या तोंडून उभ्या जन्मात तसलं काही निघालं नव्हतं. वाहिनीनं माफी मागितली, तो भाग पुन्हा दाखवताना त्या शब्दावर 'टुंई' वाजवलं आणि तनूला घरी पाठवून दिलं. त्या टुंईनं आणखी घोळ केला. ज्यांनी मूळ भाग पाहिला नव्हता त्यांनी वाटेल ते समजून घेतलं.

खरं सांगायचं तर मलाही ते वाक्य आवडलं नव्हतं. पोरीला त्या शब्दाचा अर्थ ठाऊक नव्हता. अर्थ ठाऊक नसलेल्या लेकराच्या तोंडून असले शब्द काढायचे आणि मोठ्यांनी हसायचं, हे मला आजही पटत नाही. पण मग सुनेच्या वेळी मला ते का नाही खटकलं?... इथं येऊन माझी गाडी अडते, ती पुढं जातच नाही.

गावात कुणी घरावर चालून आलं नाही. तसं कुणी करत नाही. तनूच्या शेजारी बसणाऱ्या मुलीला तिच्या आईनं दुसऱ्या बाकावर बसवायला सांगितलं, एवढंच. मग आणखी एकीनं. मग वाढदिवसाची बोलावणी थांबली. पोर सकाळी दप्तर अडकवायची आणि पोटात दुखतंय म्हणून उंबऱ्यात बसून राहायची. एका दुपारी आत्यानं गावातली चार जाणती माणसं खंडोबाच्या देवळात बोलावली आणि सगळ्यांदेखत बेलभंडारा उचलला. देवापुढचा बेल आणि हळदीचा भंडारा हातात घेऊन बोललेला शब्द आमच्याकडे मरेपर्यंत मोडत नाहीत. ती म्हणाली, "शिवी माझी हाय, पोरीची न्हाई. आजपासनं माझ्या तोंडातनं निघायची न्हाई. आता तुमच्या पोरी माझ्या पोरीजवळ बसू द्या." आणि ही गोष्ट लेकरांच्या कानावर घालायची नाही, हेही तिनं त्यांच्याकडून वदवून घेतलं. माणसांनी तिचा शब्द राखला. आठवडाभरात मुली बाकावर परत आल्या.

घरातही ताकीद होती, की तनूला यातलं काही कळता कामा नये. आपल्यापायी आजीनं भंडारा उचलला, हे ओझं पोरीच्या डोक्यावर नको. इथं आत्या चुकली, असं मला वाटतं. पण तिला ते पटवणार कोण?

शेवटचा गेलो तेव्हा ती वाफ्यातच होती. मला बघून म्हणाली, "ये बाळा, बस." मी हादरलोच. आजारी आहे का, विचारलं. चहा झाला, इकडचं तिकडचं झालं, तरी तेच. शेवटी न राहवून म्हणालो, "आत्या, एखादी दे की गं."

"भंडारा उचललाय, बाबा," ती म्हणाली आणि मग सगळं सांगितलं. मी म्हणालो, निदान तनूला तरी सांग. ती हातातली कळी चुरगाळत राहिली. "पोरीला शिवीचं शबुद दिलं मी. पर कुणाला, कवा द्यायचं, त्याला वय लागतं. ते कुठनं देऊ?" तेवढ्यात तनू शाळेतून आली. आत्या तिला म्हणाली, "तनूबाळ, जेवून घ्या." पोर मान खाली घालून आत गेली. थोड्या वेळानं लाईट आली, आणि मी बघितलं, आत्या स्टार्टरसमोर ओठ मिटून उभी होती. बटण दाबत होती, सोडत होती, परत दाबत होती. अखेर संपतनं येऊन मोटर चालू केली.

दहाव्याला माणसं जेवून पांगत होती. तनू विहिरीवरच्या मोटरीच्या खोलीपाशी पायरीवर बसली होती. मी जाऊन शेजारी बसलो. ती स्टार्टरच्या पेटीकडे बघत होती. मग म्हणाली, "काका, आजी माझ्यावर रागावली हुती ना?"

"असं का म्हणतेस?"

"मरस्तवर एक बी शिवी दिली न्हाई मला. नुस्तं जेवून घ्या, जेवून घ्या..."

मेलेल्या माणसाची ताकीद मोडू नये म्हणतात. मी मोडली. देवळातलं सगळं तिला सांगितलं, अगदी 'शिवी माझी हाय, पोरीची न्हाई' इथपर्यंत. ती पायरीचा पोपडा नखानं काढत ऐकत होती. डोळे पुसले नाहीत, वाहू दिले. मग म्हणाली, "मंग आता तो भंडारा सुटला का?"

मला काय माहीत? असल्या गोष्टी गुरवाला विचारायच्या असतात. पण मी ठामपणे म्हणालो, "सुटला."

पेटीवरचा दिवा लागला. लाईट आली होती. तनू उठली, टाचा उंचावून तिनं हिरवं बटण दाबलं. मोटर घरघरली आणि बसली. पोरीनं तोंड पेटीच्या अगदी जवळ नेलं आणि कुजबुजली, "तुझा मुडदा बशिवला... उचल की." मोटर ढिम्म.

"मोठ्यानं म्हण की, पोरी," मी म्हणालो.

तिनं मागं वळून अंगणाकडे पाहिलं. बायका भांडी आवरत होत्या, पुरुष चपला शोधत होते. "लोक हायत," ती म्हणाली, आणि आत्या उभी राहायची तशीच, ओठ मिटून बटण दाबत राहिली.