मागे फिरल्यावरचं पाणी

मिरजेहून निघालो तेव्हा रिक्षा दारात घुरघुरत होती आणि सर्टिफिकेटांची फाइल आत टीव्हीवर राहिली होती. मी धावत परत गेलो. आई फाइल घेऊन उभीच होती, पण देईना.

"मागे फिरलास ना? आता बूड टेक. पाणी पी, मग नीघ."

मी इंजिनिअर, कॉलेजात अंधश्रद्धेवर भाषण ठोकलेला. बाहेर हॉर्नवर हॉर्न, आणि जर्मनीला निघालेले हे थोर पुरुष स्टुलावर बसून तांब्या रिकामा करताहेत. मी पाणी संपवेपर्यंत आई नुसती बघत राहिली.

इंगोलश्टाटला आलो. मोटारींचे भाग बनवणाऱ्या कंपनीत रुळलो, कचरा चार डब्यांत टाकायला शिकलो, फोनवर नुसतं "गेनाऊ, गेनाऊ", म्हणजे बरोबर, बरोबर, करायला लागलो. पण घरातून निघून परत आत आलो की पाणी पितो. विसराळू असल्यामुळे दिवसातून दोन-तीनदा पितो. बायको म्हणते, "तुझ्या किडन्या शंभर वर्षं टिकतील."

माझी मुलगी मुक्ता इथलीच. मराठी सगळं कळतं, उत्तर जर्मनमध्ये. दुसरीत असताना एकदा खेळाची पिशवी न्यायला परत आली. मी बसवून पाणी पाजलं आणि बस चुकली. बाईंनी कारण विचारलं, तिने खरं ते सांगितलं. घरी चिठ्ठी आली: मुलीला वेळेवर पाणी द्यावं लागतं, असा काही आजार आहे का? पोर शरमेने अर्धमेली झाली. त्या दिवसापासून तिने विसरणंच सोडलं. दप्तर तीन-तीनदा तपासायची. लोक म्हणतात, काय जर्मन शिस्त आहे हो मुलीला! मी मान डोलावतो.

मधे आई गेली. दिवस करून परत निघालो आणि नेहमीप्रमाणे पासपोर्टची पिशवी विसरलो. परत आलो तर चुलतभावाने ती उंबऱ्यातच हातात दिली. "पळ, पळ, गाडी चुकेल!" बिचारा काळजीनेच म्हणाला. मी पळालो. मिरजेचं घर आता आपलं राहिलं नाही, हे मला गाडीत बसल्यावर कळलं.

गेल्या शरदात मुक्ता ड्रेस्डेनला शिकायला निघाली. हातात यादी, यादीवर खुणा. मी मनात म्हणत होतो, देवा, एक चार्जर तरी राहू दे. देव यादीपुढे हरला. शेवटी मीच तिची छत्री कोटांमागे लपवली. ती खाली पोचल्यावर बाल्कनीतून ओरडलो, "मुक्ता, छत्री राहिली! वर ये!"

तिने वर पाहिलं. "विर्फ रुंटर, पापा!" म्हणजे, टाक खाली. टाकली. तिने ती अचूक झेलली आणि वळून न बघता चालू लागली. पाण्याचा ग्लास मी आधीच भरून ठेवला होता. तो मीच प्यायलो.

मग मार्चमध्ये तिच्याकडे दोन दिवस राहून आलो. एक खोली, दोन खुर्च्या. बोलणं नेहमीसारखं, माझं मराठी, तिचं जर्मन. निघालो, तीन जिने उतरलो आणि लक्षात आलं, चष्मा वरच. परत चढलो. चष्मा घ्यायला हात पुढे केला, तर तिने तो पाठीमागे धरला.

"बूड टेक, बाबा."

आजीचे शब्द, उच्चार जरा वाकडा.

"अगं, गाडीला अकरा मिनिटं आहेत."

"पाणी पी. मग नीघ."

मी बसलो. ती समोर उभी राहून नुसती बघत होती, थेट आईसारखी. मग जर्मनमध्ये म्हणाली, "छत्री तूच लपवली होतीस, माहीत आहे मला. त्या दिवशी वर आले असते, तर गेलेच नसते."

मला ठसका लागला. पाण्यामुळे, असं मी तिला सांगितलं.

गाडी चुकली. पुढची दोन तासांनी होती. तिकडे राहिलेले तुम्ही आणि माझ्यासारखे इकडे आलेले, सगळेच कधी ना कधी विचारता, तुझं घर नक्की कुठे रे? पत्ता मला अजून सांगता येत नाही. पण स्टेशनवर जायची घाई मी केली नाही. ग्लास पुढे केला आणि म्हटलं, "अजून थोडं दे."