नानांच्या डोक्यावरचं तेल

उपास लपवण्याच्या बाबतीत आमच्या घरमालकांइतका कच्चा माणूस अख्ख्या धुळे जिल्ह्यात शोधून सापडायचा नाही. उपास ही काय लपवायची गोष्ट आहे का, असं तुम्ही विचाराल, आणि तुमचं बरोबरच आहे. आमच्या घरात एकादशी असली की दोन दिवस आधीपासून साबुदाण्याची चर्चा सुरू होते, शेंगदाणे भाजल्याचा वास गल्लीच्या टोकापर्यंत जातो आणि सासूबाई भडगावहून फोन करून भगर आणली का म्हणून विचारतात. पण आमचे घरमालक, ज्यांना सगळी गल्ली नाना म्हणते, ते पडले ख्रिस्ती. त्यांचा उपास म्हणजे दिवस मावळेपर्यंत नुसतं पाणी. आणि वर अट अशी, की तो कोणाला कळता कामा नये. उपास करशील तेव्हा तोंड पाडून बसू नको, तोंड धू, डोक्याला तेल लाव, तुझा उपास एका देवबापालाच ठाऊक असू दे, असं प्रभूने सांगून ठेवलंय. बाकीचे ख्रिस्ती लोक त्यातला अर्थ घेतात, नानांनी तेल घेतलं. एरवी ते डोक्याला तेलाचं बोट लावत नसत. लावणार तरी कुठे? कानांच्या वर मोजके केस, बाकी सगळं मैदान. पण उपासाच्या दिवशी आंघोळ झाली की खोबरेल तेलाची बाटली निघायची आणि ते मैदान असं काही माखलं जायचं, की नाना उन्हात चौकातून वळले तरी आम्हाला गच्चीवरून दिसायचे. अंगात कडक इस्त्रीचा शर्ट, चेहऱ्यावर लग्नघरातला आनंद. दुधवाल्यापासून सगळ्यांना कळायचं की आज नानांचा उपास आहे. फक्त आपल्याला कळलंय हे नानांना कळू द्यायचं नाही, एवढं पथ्य सगळी गल्ली पाळायची.

दुसरी पंचाईत अशी, की नानांना खोटं बोलणं मंजूर नव्हतं. आयुष्यभर एका मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होते, पण 'औषध कडू आहे का' विचारणाऱ्या रडक्या पोरालाही त्यांनी कधी गोड आहे म्हणून सांगितलं नाही. त्यामुळे उपासाच्या दिवशी कोणी 'नाना, जेवण झालं का' म्हणून विचारलं की त्यांची जी काही तारांबळ उडायची! हो म्हणावं तर खोटं, नाही म्हणावं तर उपास फुटला. मग ते आभाळाकडे बघायचे आणि म्हणायचे, "ऊन काय पडलंय आज!" हिवाळ्यातसुद्धा. एकदा दात कोरत अंगणात उभे राहिले होते, लोकांना वाटावं माणूस जेवून उठलाय. पण लगेच मनाला लागलं असावं, कारण काडी फेकून देऊन माझ्याकडे आले आणि म्हणाले, "तोंडाने नाही बोललं तरी खोटं ते खोटंच, नाही का?" मी म्हटलं, नाना, काडीचा काय संबंध? तर म्हणाले, "ऊन काय पडलंय!" अक्कांचे, म्हणजे त्यांच्या बायकोचे, याहून हाल. घरात चूल बंद दिसू नये म्हणून त्यांना एकटीसाठी लसणाची खमंग फोडणी द्यावी लागे. "उपास यांचा, आणि जीव जातो माझा," असं त्या माझ्या बायकोजवळ म्हणत. बायकोने एकदा उपासाची खिचडी नेऊन दिली तर नाना ताटलीकडे कौतुकाने बघत राहिले. "एवढं उपासाला खायचं, तर पोरी, जेवायला काय ठेवता तुम्ही?" बायकोही काही कमी नाही. म्हणाली, "तुमच्या देवाचा पोटावर काय राग आहे, ते तरी विचारा एकदा."

गंमत म्हणजे हा माणूस स्वतःसाठी उपास धरतच नसे. गल्लीत कोणाचं काही अडलं की नाना गुपचूप त्याच्यासाठी उपाशी राहायचे. तेल दिसलं की बायका नळावर अंदाज बांधायच्या, आज कोणासाठी असेल गं? पुढे पुढे तर लोक सरळ मागणी घेऊनच यायला लागले. समोरचा रिक्षावाला म्हणायचा, "नाना, पोरगी दहावीला आहे, जरा तेलाचं बघा ना." नाना गोरेमोरे होऊन उन्हाबद्दल बोलायला लागायचे, पण दुसऱ्या दिवशी डोकं चमकायचं. माझी शिंदखेड्याला बदली निघाली तेव्हाही ते चमकलं होतं. बदली काही रद्द झाली नाही. पण महिनाभरातच शिंदखेड्याची सकाळची बस आमच्या चौकात थांबायला लागली, आणि त्याचं श्रेय माझी बायको आजही एस.टी.ला द्यायला तयार नाही.

या सगळ्यात एका उपासाने मात्र घात केला. साक्रीच्या पलीकडे नानांचं गाव. नाना तरुणपणी ख्रिस्ती झाले, धाकटा भाऊ घरच्या देवधर्मात राहिला, पण त्यावरून दोघांत कधी शब्दाला शब्द लागला नाही. त्या भावाच्या मुलीचं लग्न जमत नव्हतं. दोनदा ठरून मोडलं. तिसऱ्यांदा जमलं तेव्हा नानांनी मनाशी धरलं, की लग्नाच्या दिवशी पोरगी सुखरूप सासरी रवाना होईपर्यंत अन्नाला शिवायचं नाही. मी त्या लग्नाला नव्हतो, पण अक्कांनी इतक्या वेळा सांगितलंय की मांडव डोळ्यांपुढे उभा राहतो. वरण-बट्टी, घोटलेली वांग्याची भाजी, तुपाची धार. आपण जेवत नाही हे दिसू नये म्हणून नानांनी वरणाची बादलीच हातात घेतली आणि प्रत्येक पंगत वाढत सुटले. शेवटच्या पंगतीला भाऊ बसला. शेजारी दादासाठी पान मांडून ठेवलेलं.

"बस ना, दादा."

"तू जेव. मी वाढस."

"बठ्ठा गाव जेवना. आते तू बस."

नाना बादली घेऊन उभेच. उपास आहे म्हणून सांगावं, तर सांगितलेला उपास फुकट गेला आणि त्या बिचाऱ्या पोरीच्या संसाराला काही झालं म्हणजे? अक्का पुढे सरसावल्या, तर त्यांना डोळ्यांनीच दटावलं. आणि भर मांडवात, भुकेल्या पोटी, हा शहाणा माणूस आभाळाकडे बघून म्हणाला, "ऊन काय पडनं शे आज!"

भाऊ पानावरून उठला. "दादा, मना घरनं अन्न आते तुले चालत नही, असं सरळ सांग ना!" एवढंच बोलला, आणि त्यानंतर आयुष्यात काही बोललाच नाही. आमच्याकडे सख्ख्या भावाच्या मुलीच्या लग्नात न जेवणं म्हणजे नातं तोडणं. नाना फोन करत, तो नंबर बघून कट करी. अक्का डोकं आपटून सांगत, की अहो, आता तरी खरं सांगा. नाना म्हणत, "आता सांगितलं तर पोरीवर उपकार दाखवल्यासारखं होईल." काय म्हणावं या माणसाला! त्याऐवजी त्यांनी काय करावं? भावाने बोलावं म्हणून दर शुक्रवारी आणखी एक उपास धरावा. म्हणजे ज्या औषधाने दुखणं झालं तेच वाढवायचं, आणि हे कोणी, तर जन्मभर कंपाउंडर असलेल्या माणसाने. तेवढा शुक्रवारचा उपास त्यांचा स्वतःचा होता. त्या दिवशी आम्ही कोणी मागणी घेऊन जात नसू.

यंदा मार्चमध्ये भाऊ गेल्याचा फोन आला, तोही शुक्रवारीच. नानांचं तेल लावून झालेलं, शर्ट अंगात. मी गाडी काढली. अक्का वाटभर पदराने त्यांचं डोकं पुसत होत्या आणि नाना लहान मुलासारखे पुसू देत होते. पण एवढं मुरलेलं तेल पदराने थोडंच जातं? अंत्ययात्रेत ते सगळ्यांच्या पुढे चमकत होतं. "भाऊ मरी गया, अन् हाऊ तेल लाईसन उना," असं माझ्या मागे कोणीतरी बोललं. मला त्याची गचांडी धरावीशी वाटली. नानांनीही ऐकलं असणार, पण मान वर केली नाही.

स्मशानातून परतलो तेव्हा भाऊबंदांनी कडू घासाची भाकरी आणि पिठलं आणून ठेवलं होतं. त्यांच्याकडची रीत अशी, की घरातल्या थोरल्या माणसाने पहिला घास घेतल्याशिवाय बाकीच्यांनी घ्यायचा नाही. थोरले आता नानाच. त्या मांडवातले कितीतरी लोक तिथे होते, आणि सगळ्यांना आठवत होतं. पुतणी ताट घेऊन समोर बसली. तिच्या मांडीवर तिची लेक होती. रडून आवाज बसलेला. म्हणाली, "मोठा बाबा, घास ल्या ना. आई सकाळपाईन उपाशी शे."

नानांनी आभाळाकडे पाहिलं नाही. भाकरीचा तुकडा मोडला आणि हातात धरूनच म्हणाले, "बेटा, तुना लगीनना दिन माले उपास व्हता. तुनाकरताच व्हता."

आत भिंतीला टेकून बसलेल्या भावजयीने मान वर केली. "मंग तवय सांगं काब्र नही, नाना?" तेव्हा का नाही सांगितलं, एवढंच ती विचारत होती, आणि तिच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. मग पदराने तोंड पुसत म्हणाली, "त्या दिनपाईन त्यास्नी बट्टी खादी नही. दादा पंगतले बसना की खासू, म्हनेत."

वरण-बट्टी जिथे प्रत्येक लग्नात असते त्या मुलखात धाकटा दादाची वाट बघत इतकी वर्षं बट्टीवाचून राहिला, आणि इकडे थोरला दर शुक्रवारी पाणी पीत बसला. मला वाटलं, दोघांनाही खांद्याला धरून गदागदा हलवावं. पण आता एकच उरला होता, आणि तो भाकरीचा घास चावत होता, चावत होता, आणि त्याला तो गिळता येत नव्हता. शेवटी गिळला. ताट पुढे सरकवलं. "वाढ, बेटा," म्हणाले, "बठ्ठं वाढ." पुतणीने वाढलं आणि नाना रडत रडत सगळं जेवले. त्यांच्या मागून घर जेवलं.

परवाच्या शुक्रवारी मी अंगणात उभा होतो. नाना बाहेर आले तेव्हा डोकं कोरडं होतं. उपास सुटले वाटतं, असं मनात येऊन मला जरा बरंच वाटलं. माझ्या बायकोने नळावरूनच सवयीने विचारलं, "नाना, जेवलात का?"

"नाही गं पोरी," नाना अगदी साध्या आवाजात म्हणाले. "आज माझा उपास आहे. भावजयीसाठी धरलाय."

हंडा तसाच नळाखाली ठेवून बायको आत निघून गेली. पाणी वाहत राहिलं. मी आपलं वर बघितलं आणि म्हणालो, "ऊन काय पडलंय आज, नाना."