बदली आल्याशिवाय

माझ्या सासऱ्यांनी आयुष्यभर बसूनच नोकरी केली, त्यामुळे त्यांना 'आराम करा, बसा' असं सांगणं ही मुळातच चूक होती. ते कारखान्याच्या गेटवर वॉचमन, कायम रात्रपाळीला. सासूबाई दवाखान्यात आया, कायम दिवसपाळीला. घरात सायकल एकच. सकाळी हे घरी पोचले की त्या दारात तयार उभ्या असायच्या आणि म्हणायच्या, "उतरा." हे उतरायचे, त्या चढायच्या. संध्याकाळी उलट. सीट गार म्हणून व्हायची नाही. ती सासूबाईंच्या उंचीला बसवलेली, आणि रोज वरखाली कोण करत बसणार, म्हणून सासरे उभा जन्म गुडघे हनुवटीला लावून कामावर गेले. सुट्टीचे वारही वेगळे. माझी बायको जन्माला कशी आली हे मी विचारलेलं नाही.

दोघं निवृत्त झाल्यावर तिने ठरवलं, आईबाबांना परदेशात सायकलवर फिरवायचं. मला कुणी विचारलं नाही, मी सामानाबरोबर आलो. भाड्याच्या चार सायकली घेतल्या. सासऱ्यांनी आपली सीट पार खाली करून घेतली. दुकानदाराने ती वर करा म्हणून बरेच हातवारे केले. "सवय आहे," असं त्याला मराठीत सांगून सासरे निघाले आणि पहिल्याच चढाला मला मागे टाकून गेले.

पायांचे तुकडे पडल्यावर एकदाचा आरामाचा दिवस आला. सगळ्या सहलीत तो एकच होता. आमचा मुक्काम एका बाईंच्या घरी होता. पुढे खडी टाकलेलं अंगण, लोखंडी गेट, आणि समोरचा रस्ता उतरला की नदी. सासूबाईंनी घरून निघतानाच सांगून ठेवलं होतं, "मला काही बघायचं नाही, घ्यायचं नाही. एक दुपार यांच्याबरोबर नुसतं बसायचंय. दोघंही जागे असताना." त्यासाठी त्यांनी एक ठेवणीतला स्वेटर सगळ्या चढांवरून वाहून आणला होता.

आणि सकाळी माझी बायको म्हणाली, "बाबा, आज काही करायचं नाही. सायकली अंगणातच आहेत. तुम्ही खुर्ची टाकून मस्त बसा."

खुर्ची, अंगण आणि राखायला माल, तिन्ही गोष्टी तिने एका दमात हाती दिल्या. सासऱ्यांनी खुर्ची उचलली, गेटजवळ भिंतीला पाठ करून मांडली, बुटाच्या नाड्या आवळल्या आणि शर्टाचं वरचं बटण लावलं. थोड्या वेळाने पाववाला आला. "कुणाकडे?" सासऱ्यांनी विचारलं. त्याला मराठी येत नव्हतं, पण प्रश्न कळला. तो टोपली घेऊन मुकाट उभा राहिला. मालकीणबाईंनी बाहेर येऊन मान हलवली तेव्हा कुठे त्याला आत सोडलं. बाई इतक्या खूश झाल्या, की त्यांनी यांना कॉफी आणून दिली. झालं! आता तर खाल्ल्या मिठाला जागणं आलं.

जेवणं झाल्यावर सासूबाई स्वेटर घालून आल्या. "चला ना नदीवर."

"अगं, येऊ कसा? बदली नाही आली."

बदलीचा माणूस आल्याशिवाय खुर्ची सोडायची नाही, हा त्यांचा नेम. मी म्हटलं, "बाबा, मी बसतो. तुम्ही जा."

त्यांनी मला नीट न्याहाळलं. "रागावू नका जावईबापू. सकाळी तुम्ही बसल्या बसल्या डुलकी काढलीत."

"सुट्टी आहे म्हणून काढली."

"डुलकी काय सुट्टी बघून येते?"

"बाबा, हे तुमचं गेट नाहीये!" माझी बायको ओरडली. सासरे खुर्चीतून उठले नाहीत. सासूबाई आत जाऊन पलंगाच्या कडेला बसल्या. "तिकडेही मी यांना दारातच बघितलं, इकडेही दारातच," त्या म्हणाल्या आणि त्यांचे डोळे भरून आले. मला सासऱ्यांचा मनापासून राग आला. उद्यापासून पुन्हा सायकली आणि त्यानंतर थेट विमान.

मग सासूबाईंनी डोळे पुसले. पदर खोचल्यासारखा स्वेटर खाली ओढला आणि सरळ गेटवर जाऊन यांच्यासमोर उभ्या राहिल्या.

"उतरा," त्या म्हणाल्या.

सासरे काय होतंय हे कळायच्या आत उठून उभे राहिले. "चार सायकली, एक गेट, एक कुत्रा," त्यांनी चार्ज दिला. "कुत्रा घरचा आहे, त्याला अडवू नकोस."

"कळलं." सासूबाई खुर्चीत बसल्या.

सासरे हात लोंबकळत सोडून उभे. ड्यूटी संपली की घरी जाऊन झोपायचं, एवढंच त्यांना ठाऊक. "आता मी झोपायला जाऊ?"

"झोप आलीय?"

"नाही."

"मग आणा दुसरी खुर्ची."

ते खुर्ची आणायला आत वळले. बायकोने मला दंडाला धरून गेटबाहेर काढलं. नदीवर कुणी तरी जायला हवंच होतं, म्हणून आम्ही गेलो. नदी ठीक होती.

परतलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. दोन खुर्च्या हाताला हात लागेल अशा शेजारी शेजारी. सासऱ्यांच्या नाड्या सुटलेल्या, पाय लांब पसरलेले आणि एका बुटावर कुत्र्याची मान. मी गेटची कडी काढली तरी त्यांनी वर बघितलं नाही. सासूबाईंनी मात्र हात आडवा केला.

"थांबा. कुणाकडे जायचंय?"

"आई, मी आहे."

"मी म्हणजे कोण?"

"सोड गं त्यांना, घरचेच आहेत," सासरे तिकडे न बघताच म्हणाले. "हं, तू सांग. मग तुमच्या दवाखान्यातल्या त्या डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या?"