समोरच्याची बाजू

बोईसरच्या आमच्या कारखान्यात कामगारांच्या तक्रारी बघायला एक गृहस्थ होते. पालघरजवळच्या माहीमहून यायचे, वाडीतले चिकू सगळ्यांना वाटायचे आणि अगदी सावकाश बोलायचे. पालघरच्या कॉलेजात त्यांनी तत्त्वज्ञान घेतलं होतं, म्हणून आम्ही सायन्सवाले त्यांना हसायचो. ते म्हणायचे, "भांडायचं तर आधी समोरच्याची बाजू मांडायची, हे सरांनी शिकवलं. त्या वयात शिकलो म्हणून अंगात मुरलं, नायतर नाय."

एकदा भट्टीजवळ एक कामगार चक्कर येऊन पडला. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी जादा विश्रांती मागत काम थांबवलं. मॅनेजर ऐकेनात. या गृहस्थांनी दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवलं. "साहेब, यांचं म्हणणं तुमी सांगा. तुमचं ते सांगतील."

मॅनेजर चिडूनच सुरू झाले, "इनका कहना है कि भट्टी के पास..." आणि मध्येच थांबले. मग हळू आवाजात विचारलं, "अब कैसा है वो?" विश्रांती त्याच दिवशी मंजूर झाली.

ते गृहस्थ निवृत्त झाल्यावर कारखान्यात असं कुणी आलं नाही. हल्ली त्यांची फार आठवण येते. परवा मुलगी म्हणाली, "बाबा, मला आर्ट्सला जायचंय." घरातले सगळे माझ्याकडे बघू लागले. मी म्हणालो, "तत्त्वज्ञान मिळतंय का बघ."